सांगलीत घरी पेशंटसाठी ब्युरोची मावशी ठेवणार असाल तर

पाचपैकी साडेतीन. आधीच सांगून टाकते, ज्यांना घाई आहे त्यांनी इथंच थांबलं तरी चालेल. साडेतीनमधले तीन मावशींचे आणि अर्धा ब्युरोचा, तोही एकदा रविवारी रात्री दहाला फोन उचलला म्हणून.

ब्युरो म्हणजे घरी पेशंट सांभाळायला बाया पुरवणारी एजन्सी. ब्युरोचं नाव लिहीत नाहीये. नाव कळून फायदा पण नाही, कारण एकच मावशी आज या ब्युरोतनं येते आणि दोन-चार महिन्यांनी दुसऱ्या ब्युरोचा ॲप्रन घालून तुमच्या शेजारणीच्या घरात दिसते, मालक वेगळे, बाया त्याच. म्हणून अमका घ्या तमका घेऊ नका यापेक्षा काय विचारायचं, काय बघायचं आणि आपण पैसे नक्की कशाचे देतोय एवढं लिहिते.

आमची केस अशी की सासूबाईंना, वय ७८, उजव्या बाजूचा लकवा झाला, मिरजेत ॲडमिट होत्या आणि घरी आणलं तेव्हा नाकात नळी, लघवीची पिशवी आणि आमच्या हातात डिस्चार्ज कार्ड. त्या कार्डाच्या तळाला एक ओळ इंग्रजीत, दर दोन तासांनी कूस बदला. झालं. आता मिरज म्हणजे काय हे सांगलीकराला सांगायला नको, १८९४ साली वानलेस डॉक्टरांनी तिथं दवाखाना काढला तेव्हापासून पार कर्नाटकातनं माणसं येतात, १९६२ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, मेंदूचा, हाडाचा, किडनीचा म्हणाल तो डॉक्टर रिक्षानं गाठता येतो. पण रात्री दोन वाजता सत्तर किलोच्या बाईला कुशीवर वळवायला कोण येणार? आयुष्मानचं कार्ड आहे आमच्याकडं, ७० च्या वरच्या सगळ्यांना २०२४ च्या ऑक्टोबरपासून उत्पन्न न बघता मिळतंय, वर्षाला ५ लाखापर्यंत, पण ते दवाखान्यात ॲडमिट असण्यासाठी. घरी माणूस ठेवलं तर त्याचा पगार आपल्याच खिशातनं. हे पहिलं डोक्यात ठेवा, कारण आमच्या नात्यात दोघांनी विचारलं, "कार्डावर होत नाही का गं ते?" नाही होत.

ब्युरोला फोन केला की तिकडनं पहिला प्रश्न येतो, "पेशंट वजनाला किती आहे?" तसा बरोबर प्रश्न आहे, एकट्या बाईला उचलायचं असतं. पण त्याच्यापुढं काही विचारलंच नाही त्यांनी. नाकात नळी आहे का, गिळता येतं का, पाठीला जखम आहे का, शुगर आहे का, काही नाही. डायरेक्ट रेट. आमच्याकडं चोवीस तासाचे महिन्याला बावीस हजार ठरले, बारा तासाचे साधारण चौदा सांगितलेले, शिवाय रजिस्ट्रेशन, शिवाय डिपॉझिट, शिवाय मावशींचं जेवण-चहा आपल्याकडं. महिन्यात दोन सुट्ट्या आणि सुट्टीला बदली माणूस देऊ म्हणले. त्या 'देऊ' वर अजिबात जाऊ नका. बदलीची बाई आली तर दुपारी बारापर्यंत येते, तोपर्यंत रजा तुमची. मी पतसंस्थेत कामाला आहे, आमच्याकडं सकाळी काउंटर उघडायचा असतो, मॅनेजर किती वेळा ऐकून घेणार.

आता महत्त्वाचं. ब्युरोवाले फोनवर सगळ्यांनाच सिस्टर म्हणतात, त्यावर भुलू नका. येते ती बहुतेक वेळा अटेंडंट, म्हणजे अंघोळ, डायपर, भरवणं, कूस बदलणं, कमोडच्या खुर्चीवर बसवणं एवढ्यासाठी. नर्स वेगळी. एएनएम दोन वर्षांचा कोर्स, जीएनएम तीन वर्षांचा, बीएस्सी चार वर्षांचं, आणि झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलला नोंदणी असते, तो नंबर मागा, खरी नर्स असेल तर ती लगेच देते, तिला त्यात काही वाटत नाही. नाकातली नळी घालणं-बदलणं, लघवीची नळी बदलणं, इंजेक्शन, ही कामं अटेंडंटकडनं करून घ्यायची नाहीत, ती 'येतं मला' म्हणली तरी नाही. आम्ही लघवीची नळी बदलायला वेगळी नर्स व्हिजिटवर बोलावत होतो, त्याचे पैसे वेगळे, पण तिथं काटकसर करण्यात काही पॉइंट नाही.

आमच्याकडं पहिल्या ज्या आल्या त्या वयानं अगदी लहान, स्वभावानं गोड, बोलायला मोकळ्या, पण त्यांनी त्याआधी फक्त बाळंतिणी आणि लहान बाळं बघितलेली आणि ब्युरोनं 'पॅरालिसिसचा अनुभव आहे' म्हणून पाठवलेलं. दुपारी बघते तर आई, म्हणजे सासूबाई, सपाट झोपलेल्या आणि ह्या नळीतनं ताक घालतायत. मी ओरडलेच. ज्यांच्या घरी नळी आहे त्यांनी हे पाठ करा: फीड देताना डोक्याकडची बाजू चांगली वर, तीस ते पंचेचाळीस अंश, म्हणजे आरामखुर्चीत रेलून बसल्यासारखं, फीड झाल्यावर पण अर्धा-पाऊण तास तसंच ठेवायचं, लगेच आडवं करायचं नाही. द्यायच्या आधी नळीवरची नाकाजवळची खूण जिथं होती तिथंच आहे ना ते बघायचं, सरकली असेल तर फीड बंद, नर्सला फोन. आधी आणि नंतर थोडं पाणी सोडायचं म्हणजे नळी चोंदत नाही, आणि मिक्सरमधनं काढलेलं सगळं गाळूनच. हे नाही पाळलं तर फीड छातीत जातं, न्यूमोनिया होतो, आणि मग परत मिरज. ब्युरोला सांगितलं तर म्हणतात कसे, "मॅडम तुम्ही समजावून सांगा, शिकेल ती." बावीस हजार घेऊन ट्रेनिंग आम्ही द्यायचं!

मग चार दिवस भांडून दुसऱ्या मावशी आल्या, तासगावकडच्या, पन्नाशीच्या, मिरजेतल्या दवाखान्यात बरीच वर्षं आया म्हणून काम केलेल्या. ह्या बाईंचे तीन मार्क. आल्या आल्या त्यांनी चहा पण न घेता आईंची पाठ बघितली, टाचा बघितल्या, कंबर बघितली आणि मला म्हणल्या, "वहिनी, एक जुनी कॉटनची चादर द्या, दुहेरी घडी करायची आहे." ती आडवी चादर खाली घालून दोघींनी दोन्ही बाजूनं धरून वर-खाली सरकवायचं, ओढायचं नाही, बगलेत हात घालून खेचायचं तर बिलकुल नाही, कातडी घासली जाते आणि लकवा झालेला खांदा निखळायची भीती. पूर्ण नव्वद अंशात कुशीवर नाही, पाठीमागं उशी लावून थोडं तिरकं, म्हणजे खुब्याच्या हाडावर सगळा भार येत नाही. पिंढरीखाली उशी, टाच अधांतरी. लाल झालेल्या जागेवर चोळायचं नाही, आमच्या नणंदबाई खोबरेल तेलानं चोळा म्हणून फोनवर सांगत होत्या, मावशींनी स्पष्ट नाही म्हणलं. ब्युरोनं मेडिकलमधनं आणायला लावलेली ती मधे भोक असलेली हवेची रिंग, ती पण त्यांनी बाजूला टाकली. व्हिजिटवाल्या नर्सनं पण तेच सांगितलं, रिंगमुळं कडेच्या भागावर दाब उलट जास्त येतो, घेऊ नका कुणी. लघवीची पिशवी पलंगाच्या दांडीला, कायम पोटाच्या पातळीपेक्षा खाली, पण जमिनीला टेकलेली नको, आणि पूर्ण तुंबेपर्यंत वाट बघायची नाही.

एअरबेडबद्दल पण सांगते कारण सगळे विचारतात. भाड्यानं मिळतो, विकत पण परवडतो, घ्या. पण एअरबेड आला म्हणजे कूस बदलायची सुट्टी नाही, दुकानदार काहीही सांगू दे. आणि लाइट गेली की पंप बंद, हळूहळू हवा उतरते आणि पेशंट खालच्या फळीला टेकतो, तेव्हा तर जास्तच लक्ष. इन्व्हर्टरला जोडून घ्या.

इथंपर्यंत नेहमीचं रिव्ह्यूसारखं झालं. आता साडेतीन मार्क मी कशावर दिले ते सांगते, कारण त्याचा हिशोब मला एका पोरीनं शिकवला.

फिजिओथेरपीला आईंना नेत होतो तिथं एक एमएस्सी नर्सिंगची मुलगी भेटली, तिचा प्रबंध होता म्हाताऱ्या पेशंटची घरी काळजी घेणाऱ्यांवर. पेशंटवर नाही हां, काळजी घेणाऱ्यांवर. तिनं विचारलं, "मुख्य काळजी कोण घेतं?" आमचे हे लगेच म्हणले, "मी." मी नुसती बघत राहिले. पोरगी हुशार, ती हसली नाही, तिनं दुसरा प्रश्न विचारला, रात्री डायपर कोण बदलतं, आणि मग फॉर्म माझ्याकडं सरकवला.

बावीस प्रश्न होते. झॅरिट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८० च्या दशकात केलेली ही प्रश्नावली, मुळात विसरभोळेपणाच्या आजाराच्या पेशंटना सांभाळणाऱ्यांसाठी, आता जगभर कुठल्याही आजाराला वापरतात. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार, म्हणजे सगळे मिळून ८८. साधारण ४० च्या वर गेलं की ताण बराच आहे असं धरतात, ६० च्या वर म्हणजे फारच. स्वतःला वेळ उरतो का, चिडचिड होते का, तब्येतीवर परिणाम झालाय का, पैसे पुरतील का, आपण कमी पडतोय असं वाटतं का, असं सगळं. माझे साठीच्या जवळ गेले. मला वाटलं होतं मी जरा नाटक करते म्हणून जास्त आले असतील, तर ती म्हणाली उलट आपल्याकडच्या बायका कमीच लिहितात, सासूबद्दल चार लिहायला हात धजत नाही. मी तिला म्हणलं तुझ्या फॉर्ममध्ये एक प्रश्न कमी आहे, पुण्याला राहून फोनवरनं सूचना देणारी नणंद आहे का, शून्य ते चार. ती म्हणाली, "ताई हे मी गाइड मॅडमना सांगते." सांगितलं का माहीत नाही.

तर त्या फॉर्मचा मी झेरॉक्स ठेवून घेतला आणि मावशी रुळल्यावर परत भरला, घरीच, स्वयंपाकघरात बसून. चाळिशीच्या आत आला. आणि गंमत म्हणजे सगळे मार्क एकाच बाजूनं उतरले, झोपेच्या. रात्रीचं उठणं बंद झालं तर चिडचिड, डोकेदुखी, ऑफिसात चुका, पोराच्या अभ्यासावरनं आरडाओरडा, सगळं एकदम खाली. पैशाचा प्रश्न तेवढा दोनावरनं चारावर गेला, साहजिकच. म्हणून माझं ठाम मत, ज्यांना एकच शिफ्ट परवडते त्यांनी रात्रीची घ्या. लोक दिवसाची घेतात, कारण दिवसा नोकरी असते, कामं दिसतात, पाहुणे येतात, आणि रात्री काय, झोपलेलेच असतात की सगळे, असा हिशोब. दिवसा शेजारीण येऊन बसेल, सासरे बघतील, मुलगा शाळेतनं आल्यावर पाणी देईल. रात्री दोनला, चारला, सहाला कोणी येत नाही. ब्युरोवाले पण दिवसाचीच गळ्यात मारतात, कारण रात्रीला बाया मिळत नाहीत, तिथं चिकाटी धरा.

आण्णांचं लिहायचं राहिलं. आण्णा म्हणजे सासरे, ८१. ते काही करत नव्हते असं आम्हाला वाटायचं, नुसते आईंच्या पलंगाशेजारी खुर्ची टाकून बसायचे, रात्री पण. त्या मुलीनं त्यांचाही वेगळा फॉर्म भरला आणि बाहेर येऊन मला म्हणाली, ताई, बाबांचं बीपी कधी बघितलंय? १९९९ साली अमेरिकेतल्या 'जामा' मासिकात एक अभ्यास आलाय, आजारी जोडीदाराला सांभाळणाऱ्या वयस्कर माणसांचा, त्यात ज्यांना त्याचा ताण जाणवत होता त्यांचा चार वर्षांतला मृत्यूचा धोका, ज्यांच्यावर असं काम नव्हतं त्यांच्यापेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघाला. मी हे घरात कुणाला सांगितलं नाही पण दुसऱ्या दिवशी ह्यांना सुट्टी टाकायला लावून आण्णांना डॉक्टरकडं पाठवलं. गोळ्या अर्ध्या घेतलेल्याच नव्हत्या, पाकिटं तशीच. मग मावशींना सांगितलं, आजींच्या औषधांबरोबर आजोबांच्या पण गोळ्या समोर द्यायच्या, आणि रात्री दहाला त्यांना खुर्चीतनं उठवून खोलीत पाठवायचं. मावशी म्हणल्या ते कुणाचं ऐकत नाहीत, पण ऐकलं त्यांनी, बहुतेक मावशींना घाबरून.

ब्युरोच्या कामाच्या यादीत हे बसत नाही, त्यांच्या कागदावर 'एक पेशंट' लिहिलेलं असतं. ब्युरोनं मला फोन करून ऐकवलं पण की दोन पेशंटचा रेट वेगळा! दोन गोळ्या हातावर द्यायच्या त्याचा रेट.

त्याच मुलीनं दुसरा एक कागद दिला होता, ब्रेडेन स्केल, बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, व्हायची शक्यता किती ते मोजायचा. सहा गोष्टी, दुखल्याचं कळतं का, ओलावा राहतो का, चालणं, अंथरुणातली हालचाल, खाणं, आणि कातडी घासणं. बेरीज ६ ते २३, जेवढी कमी तेवढं वाईट, १८ किंवा खाली आली की जपायचं. मी तो मावशींना वाचून दाखवला. त्या म्हणल्या, "मग दुसरं काय बघायचं असतंय?" सहाच्या सहा त्या रोज बघतच होत्या. ही बाई शाळा किती शिकली मी विचारलं नाही.

मावशींच्या पगाराबद्दल. बावीसातले त्यांच्या हातात किती पडतात हे ब्युरो सांगत नाही आणि मावशींना बोलायला बंदी असते, कॉन्ट्रॅक्टमध्ये पण लिहितात की माणूस परस्पर ठेवायचं नाही, ठेवलं तर दंड. मला अंदाज आला, तो आकडा ऐकून मला वाईट वाटलं, एवढंच लिहिते. आणि चोवीस तास म्हणजे ती पण माणूस आहे, दर दोन तासांनी उठणारी बाई दुसऱ्या दिवशी दुपारी तीन-चार तास झोपलीच पाहिजे, तेवढा वेळ घरातलं कुणीतरी हवं, हे ठेवायच्या आधी घरात ठरवा. आम्ही दुपारची पाळी आण्णा आणि माझ्या मुलावर टाकली. तिला झोपायला आडोसा द्या, पेशंटच्या खोलीत फरशीवर सतरंजी हा प्रकार नको.

आता सांगलीबाहेरच्यांसाठी. ब्युरोची हद्द म्हणजे सांगली-मिरज-कुपवाड, फार तर माधवनगर. माझ्या आत्या जत तालुक्यात असतात, त्यांच्याही घरी असाच पेशंट, ब्युरोला विचारलं तर म्हणले तिकडं बाया जायला तयार नाहीत, राहायची सोय, जायचं-यायचं भाडं आणि वर जास्त रेट दिला तर बघू. म्हणजे जिथं दवाखाना लांब तिथंच माणूस पण नाही. आत्यांना मी सांगितलं की गावच्या उपकेंद्रात जाऊन सीएचओला, म्हणजे तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला भेट, उपकेंद्राला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, त्याच्या सेवांच्या यादीत म्हाताऱ्यांची आणि अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी सरकारनंच घातलेली आहे, आशाताईला घेऊन जा, घरी येऊन बघा म्हण. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन आहे, माहिती तिथंही मिळते. सीएचओ बाई आल्या, पाठ बघून गेल्या, ड्रेसिंग शिकवलं. रोज भरवायला-उचलायला माणूस मात्र मिळालं नाही, ते काम आत्यांच्या सुनेवरच आहे, आणि तिचा फॉर्म कुणी भरलेला नाही.

गावभाग, खणभाग, सांगलवाडी इकडं राहणाऱ्यांनी ब्युरोला अजून एक विचारा, कृष्णेला पाणी आलं तर काय. २०१९ चा महापूर ज्यांनी बघितलाय त्यांना कळेल मी काय म्हणतेय. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ धोक्याची, पण अंथरुणातल्या पेशंटला ४० लाच हलवावं लागतं, एअरबेड, पिशवी, औषधं, डायपरचं पोतं सगळं घेऊन. त्या दिवसांत मावशी तुमच्याबरोबर येणार का, ती पलीकडच्या गावची असेल तर अडकून पडणार का, आणि ब्युरो पैसे कापणार का. आमच्या ब्युरोनं "तेव्हाचं तेव्हा बघू" असं उत्तर दिलं, त्याचा एक मार्क मी तिथंच कापला.

आई आता कुणीतरी धरलं की पलंगाच्या कडेला बसतात, नाकातली नळी निघालीय, पातळ भात मऊ करून चमच्यानं घेतात, पाठीला एकही जखम नाही. मावशी मागच्या आठवड्यात त्यांच्या मुलीच्या बाळंतपणाला गेल्या, नवीन बाई दिवसाची आहे, ठीक आहे, मोबाइल जरा जास्त. रात्रीची अजून शोधतोय, कुणाच्या ओळखीत तासगाव-कवठेमहांकाळकडची अनुभवी बाई असेल तर सांगा, रेट आम्ही थेट तिच्या हातात देऊ.

डिपॉझिट परत मागितलंय. "साहेब बाहेरगावी आहेत" असं उत्तर आहे सध्या.